लेकराच्या नावानं संस्था काढताना

आमची लेक नऊ वर्षांची असताना गेली. रक्ताचा कर्करोग होता. आम्ही साताऱ्याचे, उपचार मुंबईत. त्या सव्वादोन वर्षांत एसटीच्या रात्रीच्या गाडीनं किती खेपा झाल्या याची मोजदाद नाही. ती गेल्यावर दीड वर्षानं आम्ही तिच्या नावानं एक छोटा न्यास नोंदवला. उपचारासाठी परगावी येऊन राहणाऱ्या मुलांच्या घरच्यांना आम्ही स्वयंपाकाचं सामान वापरायला देतो आणि जाण्यायेण्याचं भाडं देतो. एवढंच काम. मी पतसंस्थेत कारकून आहे, त्यामुळे वह्या-पावत्यांची भीती नव्हती. बाकी सगळं ठेचकाळत शिकले.

आता अधूनमधून फोन येतात. पलीकडे कुणाची तरी आई असते, कधी वडील. "आम्हालाही पोराच्या नावानं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे.

आधी थांबा

तेराव्याला जमलेल्या माणसांतच कुणीतरी म्हणतं, "तिच्या नावानं काहीतरी उभं करा." दोघं-तिघं पाकीट हातात ठेवतात. त्या दिवसांत आपण कशालाही हो म्हणतो, कारण रिकामं बसणं सोसत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे, वर्षश्राद्ध होईपर्यंत नोंदणीच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. एकदा नोंदणी झाली की हिशेब, सभा, लेखापरीक्षण हे सगळं मागे लागतं, आणि तुम्ही अंथरुणातून उठू शकला नाहीत म्हणून कायदा थांबत नाही.

तोवर आलेला पैसा घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. नवराबायकोच्या नावावर वेगळं बचत खातं उघडा आणि एका दोनशेपानी वहीत कुणी किती दिले ते तारखेनिशी लिहा. जवळच्यांनी आपणहून दिलं ते ठीक. पण नोंदणी नसताना लोकांकडे वर्गणी मागत फिरायचं असेल तर धर्मादाय कार्यालयाची, म्हणजे जिथं न्यास नोंदवतात त्या सरकारी कार्यालयाची, सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१-सी खालची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही. समाजमाध्यमावर आपला खाते क्रमांक टाकून मदत मागणं हेही गोळा करणंच आहे.

या वर्षात घरात एक बोलणं व्हायला हवं. नवरा आणि बायको एकाच पद्धतीनं दुःख करत नाहीत. मला सतत काहीतरी करायचं होतं, माझ्या नवऱ्याला तिचं दप्तरसुद्धा जागचं हलवायचं नव्हतं. मी संस्थेचा विषय काढला की तो उठून गच्चीवर जायचा. आठ महिने मी विषय काढायचा थांबवला, मग एका रात्री त्यानंच विचारलं, "ते तुझं कुकरचं काय होतं?" दुसरं मूल असेल तर त्यालाही विचारा. गेलेल्या बहिणीच्या कामात आईबाप बुडाले की मागे राहिलेलं लेकरू घरात एकटं पडतं. आमच्या धाकट्यानं एकच अट घातली, रविवारी संस्थेचं काही नाही. ती आम्ही आजही पाळतो.

काम ठरवा, एकच ठरवा

"मुलांसाठी काहीतरी" हे काम नव्हे. ज्या दिवसांतून तुम्ही गेलात त्या दिवसांत नेमकं काय नव्हतं ते आठवा. मोठं काही आठवू नका, हाताला लागणारं आठवा.

केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली आल्या की बाहेरचं खाणं बंद. पाणी उकळलेलं, जेवण ताजं, गरम, नीट शिजवलेलं. आम्ही रुग्णालयाजवळच्या एका भाड्याच्या खोलीत दोन पिशव्या घेऊन उतरलो होतो. त्यात तिची चित्रकलेची वही होती, पण कुकर नव्हता. शेजारच्या खोलीत परभणीकडची एक बाई होती, तिचा मुलगा आमच्या लेकीपेक्षा वर्षानं लहान. पहिल्या संध्याकाळी तिनं दारात येऊन तीन लिटरचा कुकर पुढे केला. म्हणाली, "ताई, माझं झालंय, वरणभात लावून घ्या. लेकराला भूक लागली असंल." पुढे तिच्या मुलाचा तिथला मुक्काम संपला, ती गावी निघाली, आणि कुकर आमच्याकडेच ठेवून गेली. आमच्या न्यासाचं काम त्या कुकरातून निघालं. दूरच्या गावातून आलेल्या कुटुंबांना औषधाइतकंच राहण्याचं, जेवणाचं आणि गाडीभाड्याचं ओझं होतं. त्यापायी उपचार अर्धवट सोडून गेलेली माणसं मी त्याच जिन्यावर पाहिली आहेत.

मुंबईचे दादाराव बिल्होरे तुम्हाला माहीत असतील. भाजी विकणारा माणूस. २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या खड्ड्यानं त्यांचा सोळा वर्षांचा प्रकाश गेला. त्यांनी बांधकामावरचा राडारोडा आणून स्वतःच्या हातानं खड्डे बुजवायला सुरुवात केली, आणि शेकडो बुजवले. पोरगा कशानं गेला, मी काय करणार, या दोन गोष्टींत तिथं अंतरच नाही. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९८० साली ख्रिस ग्रेशस नावाच्या सात वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया होता आणि त्याला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याला त्याच्या मापाचा गणवेश शिवून दिला, एका दिवसाचा मानाचा अधिकारी केलं. काही दिवसांत तो गेला. त्याची आई आणि ते पोलीस यांनी मिळून आजारी मुलांची एखादी इच्छा पुरी करणारी जी संस्था काढली ती पुढे ‘मेक-अ-विश’ म्हणून जगभर पसरली, भारतातही आली. सुरुवात मात्र एका मुलाच्या एका गणवेशाची.

काम एका वाक्यात सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. आणि ते वाक्य आधी सहा महिने नोंदणीशिवाय, स्वतःच्या खिशातून, दोन-तीन कुटुंबांपुरतं करून पाहा. आम्ही पहिल्या सहा महिन्यांत दोन कुकर आणि एक इंडक्शनची शेगडी एवढंच घेतलं. तेव्हा कळलं की शेगडीपेक्षा एक्स्टेन्शनची वायर जास्त लागते, कारण भाड्याच्या खोलीत प्लग भलत्याच कोपऱ्यात असतो.

नवी संस्था लागेलच असं नाही

हे ऐकून काहीजण नाराज होतात, पण सांगते. तुमच्या मनातलं काम आधीच कुणी नीट करत असेल तर त्यांच्यात सामील व्हा. परळला नाना पालकर स्मृती समिती रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या राहण्याची सोय कित्येक वर्षं करते आहे. कर्करोगाच्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेणारी सेंट ज्यूड केंद्रं २००६ पासून मुंबईत आहेत. अशा ठिकाणी एका खोलीचा वर्षाचा खर्च तुमच्या लेकराच्या नावानं उचलता येतो.

शाळेत बक्षीस ठेवायचं असेल तर शाळेच्या संस्थेला कायम ठेव द्या. एक लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेसहा हजार येतात. तेवढ्यात एका मुलीची वर्षाची पुस्तकं, गणवेश, चपला होतात. दरवर्षी लेकराच्या वाढदिवसाला तुम्ही शाळेत जाऊन ते देऊ शकता, आणि लेखापरीक्षकाची फी भरावी लागत नाही.

पुष्कळदा तर पैशापेक्षा माहितीचा उपयोग जास्त होतो. महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना त्याच कायद्याच्या कलम ४१-एए प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ठरावीक आजारांवर मोफत उपचार देणारी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापाशी कुणाच्या तरी सोबत उभं राहणं, हेसुद्धा पुरं काम आहे.

नाव आणि फोटो

इथं माझी चूक सांगते. आम्ही एक खोली घेतली, भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला, चंदनाचा हार घातला, खाली ‘कै.’ लावून तिचं नाव. पहिल्याच महिन्यात एक आई मुलीला घेऊन आली. मुलीच्या डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला मास्क. आई फोटोकडे पाहत राहिली. मग हळूच विचारलं, "हिला काय झालं होतं?" मी खरं ते सांगितलं. तिनं लेकीला जवळ ओढलं, तोंड फिरवलं, कुकर न घेताच निघाली आणि परत आली नाही.

मी त्या रात्री फोटो घरी आणला. आपल्याला जी आठवण आहे ती दुसऱ्या आईला तिच्यापुढे वाढून ठेवलेली भीती वाटते. मुलगी बरी होईल या भरवशावर ती दारात आलेली असते. तेव्हा ‘कै.’ लावू नका, ‘स्मृती’ शब्दही शक्य तर टाळा. नुसतं लेकराचं नाव ठेवा, किंवा त्याला आवडणारी एखादी गोष्ट. जन्म-मृत्यूच्या तारखा न्यासपत्रात नसल्या तरी चालतं. वह्यांच्या मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो छापून वाटतात तेही मला आता बघवत नाही. त्या वहीवर एका मुलाला वर्षभर गणितं सोडवायची असतात.

नोंदणी

महाराष्ट्रात साधारण तीन वाटा आहेत. सार्वजनिक न्यास, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था (हिला किमान सात सभासद लागतात आणि ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते), आणि कंपनी कायदा २०१३ मधली कलम ८ ची कंपनी. घरातून सुरू होणाऱ्या लहान कामाला न्यास बरा. तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्त बसतात.

विश्वस्त पाच ठेवा. नवराबायको दोघं, आणि तिघं घराबाहेरचे. एक त्या कामातला माणूस, म्हणजे परिचारिका, डॉक्टर किंवा शिक्षक. एक हिशेब कळणारा. आणि एक असा, जो तुमच्या तोंडावर नाही म्हणू शकेल. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण मूल गेलेल्या आईला कुणी नाही म्हणत नाही. मी एकदा आमच्या सगळ्या शिलकीतून एकाच मुलाचं विमानाचं तिकीट काढायला निघाले होते. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी शांतपणे विचारलं, "ताई, पुढच्या महिन्यात अकरा घरांना भाडं कुठून देणार?" मी त्यांच्यावर रागावले. तिकीट निघालं नाही. ती अकरा भाडी वेळेवर दिली गेली.

न्यासपत्र वकिलाकडून करून घ्या, पण उद्देश स्वतः लिहा. वकिलांकडे तयार मसुदा असतो, त्यात गोशाळेपासून महाविद्यालयापर्यंत सगळं घातलेलं असतं. नको ते काढायला लावा. न्यास रद्द करून पैसा परत घेता येणार नाही, विश्वस्तांना नफा वाटला जाणार नाही, आणि न्यास बंद पडला तर शिल्लक तशाच दुसऱ्या न्यासाला जाईल, ही वाक्यं असलीच पाहिजेत. आयकराच्या नोंदणीला ती बघतात. विश्वस्ताची मुदत, नवा विश्वस्त कसा नेमायचा, गणपूर्ती किती, बँकेत कुणाच्या सह्या, हेही त्यातच. सही आमच्या दोघांचीच असं करू नका. दोनपैकी एक सही बाहेरच्या विश्वस्ताची ठेवा.

न्यास झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत परिशिष्ट २ मधला अर्ज करायचा. सोबत न्यासपत्र, विश्वस्तांची संमतीपत्रं, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालयाचा पत्ता ज्यांच्या जागेचा आहे त्यांचं ना हरकत पत्र व लाइटबिल. मग चौकशी आणि जाहीर नोटीस होते, कुणाची हरकत नसेल तर प्रमाणपत्र मिळतं. धर्मादाय न्यासाचा क्रमांक ‘ई’ अक्षरानं सुरू होतो, संस्थेचा ‘एफ’नं. खेपा घालाव्या लागतात. एका खेपेला टेबलावरच्या माणसानं विचारलं, "मुलीचा मृत्यूचा दाखला आणलाय का?" नोंदणीला तो लागत नाही. मी जिन्यात बसून राहिले. अशा दिवशी एकट्यानं जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या, बोलणं त्याला करू द्या.

पैसा

प्रमाणपत्र हातात आलं की न्यासाचं पॅन, बँक खातं, आणि मग आयकर खात्याकडे दोन नोंदण्या. लोकांच्या तोंडी त्या ‘बारा-ए’ (न्यासाच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ‘ऐंशी-जी’ (देणगीदाराला वजावट) आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असल्यानं कलमांचे आकडे बदलले आहेत, ते सीएकडून लिहून घ्या. पहिल्यांदा तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते, ती संपायच्या निदान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातलं जे आधी येईल तोवर, नियमित नोंदणीचा अर्ज करायचा. वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च व्हावा लागतो.

देणगीदाराला खोटी आशा लावू नका. आपल्यासारख्या न्यासाला दिलेल्या देणगीवर ५० टक्के वजावट मिळते, तीही मर्यादेत, आणि फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत. देणगीदारांची यादी दरवर्षी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाइन द्यायची असते, तेव्हा पावती फाडतानाच पॅन घ्या. मार्चअखेर शंभर माणसांना पॅनसाठी फोन करणं फार जीवावर येतं.

न्यासाला कमी पडलं की आपण खिशातून घालतो आणि वहीत ‘उसने’ लिहितो. तसं करू नका. न्यासानं कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. घातलेत ना, मग देणगी म्हणून स्वतःच्या नावानं पावती फाडा आणि विसरा.

परदेशातल्या नातलगांबद्दल नीट ऐका, कारण इथं चांगली माणसं नकळत अडकतात. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर तो परदेशी निधी धरत नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेली मावशी, तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते) असलं तरी, परदेशी स्रोत ठरते. तिचे पैसे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत. नोंदणीला साधारण तीन वर्षांचं काम आणि तेवढ्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो. मावशीला सांगा, तिथल्याच एखाद्या बालरुग्णालयाला लेकराच्या नावानं दे.

मुलांशी वागताना

वसतिगृह किंवा बालगृह काढायचा विचार कितीही मनात आला तरी नवख्यानं काढू नये. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवायची तर नोंदणी लागते, नसली तर तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. कुणी अनाथ बाळ आणून दिलं तरी घरी ठेवायचं नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा, ते बाळ बालकल्याण समितीपुढे गेलं पाहिजे.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं आणि ते पोलिसांना सांगितलं नाही तर पोक्सो कायद्यानं (२०१२) तो गुन्हा आहे. कळवायचं की नाही याची चर्चा विश्वस्तांच्या सभेत करायची नसते. मदतीला येणाऱ्या प्रत्येकाची, तो कितीही ओळखीचा असो, पोलीस पडताळणी करा. एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस असं कधी ठेवू नका.

आणि मदत देतानाचा फोटो काढू नका. देणगीदार मागतात. आम्ही त्यांना सामानाचा फोटो पाठवतो, ओळीनं मांडलेले कुकर. दोघांनी त्यावरून देणगी थांबवली. थांबवू दे.

दर वर्षी

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात जायला हवा. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज. स्थावर मिळकत विकायला आयुक्तांची परवानगी लागते, म्हणून कुणी जागा देऊ केली तर घाईनं घेऊ नका. न्यासाची कागदपत्रं एकाच फायलीत ठेवा आणि ती कुठल्या कपाटात आहे हे बाहेरच्या विश्वस्तालाही माहीत असू द्या.

लेकराच्या तिथीला आणि वाढदिवसाला कार्यक्रम ठेवायचा की नाही हे पहिल्या वर्षी ठरवू नका. आम्ही आधी ठेवला, भाषणं झाली, मी दोन दिवस आजारी पडले. आता त्या दिवशी खोली बंद असते. समुपदेशकाकडे जाण्यात लाज नाही. दुसऱ्याची लेकरं रोज दारात येणार असतील तर आधी आपल्याला कुणाशी तरी बोलून मोकळं व्हावं लागतं.

सामान वापरायला देणार असाल तर एक वही घाला. वस्तूचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि शेवटी ‘काय दुरुस्त केलं’ असा रकाना. अनामत रक्कम घेऊ नका, ज्याला कुकर लागतो त्याच्याजवळ अनामत नसते. एखादी वस्तू परत येत नाही, आली नाही तर फोन करू नका. ते घर कोणत्या दिवसांतून जात असेल ते आपल्याला ठाऊक असतं. परत आलेल्या कुकराची शिट्टी आणि झाकणाची रिंग आधी तपासा, पाणी घालून एकदा शिट्टी काढून पाहा, मगच पुढच्या घरी द्या. परभणीच्या ताईंचा कुकर आमच्या वहीत पहिल्या क्रमांकावर आहे. त्याची रिंग आम्ही सहा वेळा बदलली, दांडा दोनदा, आणि सध्या तो नंदुरबारहून आलेल्या एका घराकडे आहे.